थांबलेत, विसरले नाहीत

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा डॉ. इरावतीताई, कमलाकरभाऊंना पहिल्यांदा रेडिओच्या माइकसमोर बसवणारे आणि आज रत्नागिरीहून मुद्दाम आलेले शौनकसाहेब, चवदार तळ्यावरच्या मार्चच्या गर्दीत कार्यकर्त्यांची फळी सांभाळणारे आमचे अश्विन हाटे, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती श्री. कमलाकर वारंगे, खरं तर ज्यांचा सत्कार आधी व्हायला हवा त्या मंजुळावहिनी, महाडची रसिक मंडळी, शेवटच्या एसटीकडे अर्धं लक्ष ठेवून बसलेले पोलादपूरचे पाहुणे, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही दाराशी उभं राहण्याचा हट्ट धरलेली माणसं, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

आधी एक खुलासा करते. हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटून दुसरी ओळ बघा. ‘सत्काराला उत्तर’. पुढे नाव नाही. ते उत्तर द्यायला मी उभी आहे. ही कोण बाई, म्हणून तुम्ही एकमेकांकडे बघताय ते मला इथून दिसतंय हो. साहजिकच आहे. तीस वर्षं मी तुमच्यापासून चार हातांवर उभी होते, पण तुम्हाला कधी दिसले नाही. मी अनुपमा देवधर. पोटासाठी शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त झाले. आणि हौसेसाठी आमच्या सावित्रीकाठ कलामंडळाची प्रॉम्प्टर. म्हणजे विंगेत नाटकाची वही धरून उभी राहणारी आणि नट अडला की हळूच पुढचा शब्द देणारी. माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंत जाऊ नये, हीच माझी आयुष्यभराची साधना. आज नेमकं उलटं करायचं आहे. तेव्हा मागे ऐकू येत नसेल तर हात वर करा, ओरडू नका. शाळेतली सवय आहे, मला ओरडलेलं चालत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पुराच्या वर्षी, दिवाळी सरली आणि कमलाकरभाऊंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. पाय वहिनींनी परत आणला. दर आठवड्याला सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेऊन, शेकून, चोळून, रागावून आणला. आज ते काठी टेकत स्वतःच्या पायांनी या पायऱ्या चढले ते तुम्ही पाहिलंत. हातही थोडा हलतो. वाचा मात्र अजून आली नाही.

आता हा समारंभ ठरला तेव्हा घरच्यांनी समजूतदारपणे पत्रिकेतून ‘सत्काराला उत्तर’ ही ओळ काढून टाकली. उगाच लोकांसमोर ओशाळवाणं नको. छापायच्या आधी पत्रिका भाऊंना दाखवली. त्यांनी वाचली. पुन्हा वाचली. आणि ‘मान्यवरांची मनोगते’ आणि ‘आभारप्रदर्शन’ यांच्या मधल्या कोऱ्या जागेवर डाव्या हाताचं बोट असं काही आपटायला लागले की चहाचा कप उडाला. ओळ परत घातली. मग बोलणार कोण? तर ते बोट माझ्याकडे वळलं. ज्या बाईनं जन्मात स्टेजवर एक वाक्य धड म्हटलं नाही, तिच्याकडे!

तेव्हा बोलण्यापूर्वी एक विनंती. माझ्या बोलण्यात त्यांनी ओठ हलवले, मान उचलली, तर टाळ्या वाजवू नका. ‘पाणी हवंय का’, ‘पंखा बंद करू का’, असं विचारू नका. तोंडात शब्द घालू नका. थांबा. थांबायचं म्हणजे काय, ते मी आता सांगणारच आहे, कारण त्या माणसाची अख्खी कला त्या थांबण्यात आहे.

आमची ओळख कशी झाली? मला नटी व्हायचं होतं. हसा, हसा. तेव्हा मी बरी दिसत असे. मंडळाच्या नाटकात मला सुनेचं काम मिळालं, तालमी झाल्या, सगळ्यांची भाषणं मला पाठ. पडदा वर गेला, समोर तुमच्यासारखीच माणसं दिसली आणि माझी दातखीळ बसली. कमलाकरभाऊ सासऱ्याच्या कामात होते. त्यांनी काय करावं? माझी वाक्यंही स्वतःच म्हटली. “सूनबाई, तुझ्या मनात आहे की मी शेत विकू नये, होय ना?” मी नुसती मान हलवायची. असा पूर्ण प्रवेश काढला. लोकांना वाटलं, काय सोशिक सून आहे! आत आल्यावर मी रडायला लागले, तर म्हणाले, “बाई, तुम्हाला सगळ्यांचं पाठ आहे, फक्त स्वतःचं येत नाही. तुमची जागा विंगेत आहे. तिथे तुमच्याइतकं भलं कुणी करणार नाही.” मला राग आला होता. पण माणूस खरं बोलला होता.

ते स्वतः वीज मंडळात मीटर वाचायला होते. पोलादपूर तालुक्यातली एक वाडी अशी नसेल की जिथल्या ओटीवर त्यांनी चहा घेतला नाही. आणि चहाबरोबर काय घेतलं? तर माणसांचं बोलणं. कुठल्या वाडीतली म्हातारी कसं हेल काढते, मुंबईहून आलेला गिरणीवाला दोन मराठी शब्दांत एक हिंदी कसा टाकतो, सासू सुनेला ‘गो’ म्हणते तेव्हा माया कुठली आणि दम कुठला, सगळं त्यांच्या पिशवीत. आमच्या मंडळातली बाकीची नटमंडळी पाठांतर करायची. हे मीटर वाचून यायचे आणि माणूस घेऊन यायचे.

आता ते थांबणं. प्रॉम्प्टरला एकच विद्या लागते. समोरचा थांबलाय की विसरलाय, हे ओळखता आलं पाहिजे. थांबलेल्याला शब्द दिलात तर तुम्ही त्याचा प्रवेश मारलात. विसरलेल्याला दिला नाहीत तर तो मेला. भाऊंच्या बाबतीत मी डाव्या अंगठ्याकडे बघायची. अंगठा धोतराचा सोगा चोळायला लागला की विसरले. अंगठा शांत असला की थांबलेत. मग आभाळ कोसळलं तरी मी तोंड उघडायची नाही.

पण गावातल्या लोकांना ही विद्या कोण शिकवणार? उमरठच्या पलीकडे एका वाडीत पूजेचं नाटक होतं. मुंबईची पोरं सुट्टी काढून आलेली, भाऊंना मुख्य कामासाठी बोलावलेलं. आठवडाभर देवळासमोर तालमी, त्यामुळे अख्ख्या वाडीला नाटक तोंडपाठ. नाटकात म्हाताऱ्याला निरोप येतो, मुलगा परत येणार नाही. भाऊ ऐकतात आणि थांबतात. काय थांबले होते! कंदिलाजवळ एक पाखरू फिरत होतं, त्याचे पंख ऐकू येत होते. अंगठा शांत. मी श्वास धरून उभी. आणि पहिल्या रांगेतून वाडीतलाच महादू, अगदी कळवळून, काळजीनं ओरडला, “आरं, ‘कोन म्हंतो माझा लेक गेला’ म्हन की!”

कुणाचंही नाटक तिथे संपलं असतं. भाऊंनी मान नुसती वळवली. म्हाताऱ्याच्याच आवाजात, डोळ्यांत पाणी तसंच ठेवून म्हणाले, “ठाव हाय रं महादू. पर माझा लेक गेलाय. जरा दम खा.” आणि मग ते वाक्य म्हटलं. मंडळी, कुणी हसलं नाही. महादू तर उपरण्यात तोंड घालून हमसून हमसून रडला. पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे कुणी घाई केली की ‘जरा दम खा रं महादू’ असं म्हणायची पद्धतच पडली.

रेडिओचं शौनकसाहेबांनी आत्ताच सांगितलं, त्यात मी काय भर घालणार? पण साहेबांना ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक आहे. साहेब, तुम्ही भाऊंना एका श्रुतिकेत मारलंत. आठवतं? म्हातारा शेतकरी, “पाणी दे गो” म्हणतो आणि प्राण सोडतो. महादूच्याच वाडीत चंद्राबाई म्हणून आहेत, त्या ओटीवर भाऊ मीटर वाचून झाल्यावर हमखास टेकायचे. त्या बाहेरून आल्या तेव्हा घरात रेडिओ चालू होता. कानावर काय पडलं? ओळखीचा आवाज, पाणी मागतोय, मग शांतता, मग बायकांचं रडणं. आणि शेवटी निवेदिका गंभीर आवाजात सांगते, “महाडचे कमलाकर वारंगे.” झालं! चंद्राबाईंनी हंबरडा फोडला. “आपला मीटरवाला गेला गो!”

आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. मयताला जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही. प्रत्येक घरचं एक लाकूड सरणावर पडलं पाहिजे. सकाळच्या पहिल्या एसटीत वाडीतली माणसं लाकडं घेऊन चढली. कंडक्टरनं आधी वाद घातला. मग कुणाचं मयत आहे ते कळल्यावर त्यानंही टोपी काढली. मंडळी महाडला येऊन भाऊंच्या दारात उभी. बायकांनी सूर लावलेला. आणि दार उघडलं कुणी? खांद्यावर पंचा, तोंडात दंतमंजनाचा फेस, साक्षात मयत!

चंद्राबाईंना आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. त्या अश्शा भडकल्या! “जित्ता हायस? मेल्या, मग रेडिओत मेलास कशाला? आनि ही लाकडां आता कुठं नेऊ?” भाऊ फेसासकट पाया पडले. लाकडं परत न्यायची नाहीत, अशुभ असतं. म्हणून वहिनींनी त्याच लाकडांवर पाणी तापवलं, सगळ्यांच्या आंघोळी घातल्या, वर पिठलंभात रांधला. स्वतःच्या सरणावरचं जेवण जेवलेला माणूस महाडात एकच आहे आणि तो तुमच्यासमोर शाल पांघरून बसला आहे. जाताना चंद्राबाईंनी शपथ घातली, “पुन्यांदा रेडिओत मरायचा नाय.” भाऊंनी ती पाळली. साहेब, नंतर तुम्ही दोनदा मरणाचं काम दिलंत आणि त्यांनी नाकारलं, तुम्हाला वाटलं असेल मानधनावरून रुसले. कारण हे होतं.

असं सगळं चाललेलं. लग्नात निवेदन, कबड्डीच्या मैदानावर समालोचन, कुणी गेलं की शोकसभेत दोन शब्द. माणूस हसवायला बोलावला तरी जायचा आणि रडायला बोलावला तरी जायचा. पण त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मला विचाराल, तर ते ना नाटकातलं ना रेडिओवरचं. ते वीस मार्चचं.

वीस मार्चला चवदार तळ्यावर किती माणूस लोटतं, हे महाडकरांना सांगायला नको. लांबलांबून येतात, रात्रभर प्रवास करून, म्हातारीकोतारी, कडेवर पोरं. तळ्याच्या पाण्याला हात लावतात, ओंजळभर पितात. त्या गर्दीत माणसं चुकतात. अश्विनभाऊ तेव्हा कॉलेजातून नुकते बाहेर पडलेले. ते भाऊंच्या घरी आले आणि म्हणाले, “काका, तुमचा आवाज लांब जातो. चुकलेल्या माणसांचा माइक तुम्ही घ्याल का?” आमच्या आळीतल्या एकदोघांनी नाक मुरडलं, तू तिकडे कशाला म्हणून. भाऊ म्हणाले, “मीटर सगळ्यांच्या घरी सारखाच फिरतो.” आणि गेले. त्यानंतर झटका येईपर्यंत एक वीस मार्च चुकवला नाही.

पहिल्याच वर्षी परभणीकडची एक आजी आली, सोनाबाई. पोरं-सुना कुठे गेल्या कळेना. भाऊंनी रीतसर घोषणा केली, ‘सोनाबाई नावाच्या वृद्ध महिला हरवल्या आहेत, त्यांच्या नातेवाइकांनी त्वरित संपर्क साधावा.’ कर्ण्यातून स्वतःचं नाव ऐकून आजी खवळल्या. माइकच्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या, “कोन हरवलंय? म्या कुठं हरवले? म्या तं हितंच हाय की! हरवलीत ती पोरं. त्याहीला सांग, माय वाट बघायली म्हनून.”

भाऊ थांबले. मी बाजूलाच होते, नावगाव विचारून घ्यायला बसले होते. त्यांचा अंगठा बघितला. शांत होता. मग त्यांनी माइक जवळ ओढला आणि म्हणाले, “लक्ष द्या. परभणीच्या सोनाबाई इथे स्टेजच्या डाव्या अंगाला आपल्या माणसांची वाट बघत बसल्या आहेत. त्या रडत नाहीत. सावकाश या. पाणी पिऊन या.”

त्या दिवसापासून चवदार तळ्यावर भाऊंच्या माइकवरून कधी कुणी ‘हरवलं’ नाही. पोर असो, म्हातारा असो. तो वाट बघतोय. तो रडत नाही. सावकाश या. एकदा एक मुलगी असा टाहो फोडत होती की तो कर्ण्यातून अख्ख्या मैदानाला ऐकू जात होता, आणि हे शांतपणे सांगताहेत, ती रडत नाही. अश्विनभाऊ म्हणाले, “अहो काका, लोकांना ऐकू येतंय ना!” तर म्हणाले, “रडते ते तिचं तिला ठाऊक. तिची आई पळत सुटली आणि गर्दीत पडली तर? निवेदनात असंच म्हणायचं असतं.” शौनकसाहेब, तुमच्या आकाशवाणीनं त्यांना निवेदक म्हणून मान्यता दिली. माझ्या मते ती त्यांना सोनाबाईंनी दिली.

आणि अशा माणसाची वाचा गेली.

मी देवाला खूप बोलले आहे, ते इथे सांगत नाही. अरे, घ्यायचं होतं तर दुसरं काही घे! अमक्याचे डोळे घेतोस, तमक्याचे गुडघे घेतोस, याचा नेमका आवाजच? झटक्याची बातमी वाडीत गेली तेव्हा चंद्राबाई हलल्या नाहीत. म्हणाल्या, “नाटकात आसल. तो आसाच करतो.” यावेळी लाकूड उचललं नाही कुणी. चार दिवसांनी खरं कळलं, तेव्हा आल्या. सगळे येत होते, बसत होते, आणि भाऊ काही सांगायला धडपडले की सगळे मिळून शब्द सुचवायचे. चहा? पाणी? उशी? खिडकी लावू? ते डोळे मिटून घ्यायचे. घरभर वीस महादू! चंद्राबाई मात्र समोर जमिनीवर बसल्या, पदरानं घाम पुसला आणि म्हणाल्या, “घाय नाय. सुचल तवा बोल. मी हाय हितं.” दुपार सरली. भाऊ काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी ते पहिल्यांदा पोटभर जेवले, हे वहिनी सांगतील.

इरावतीताईंनी तेव्हा मला समजावलं. म्हणाल्या, “अनुपमाताई, शब्द आत आहेत. जसेच्या तसे आहेत. फक्त बाहेर यायची वाट त्यांना सापडत नाही.” मी म्हटलं, डॉक्टर, हे मला सांगू नका, हा तर माझा धंदा आहे! दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी मी वही नसलेली प्रॉम्प्टर म्हणून त्यांच्याकडे जाऊ लागले. पूर्ण वाक्य द्यायचं नाही. पहिला शब्द द्यायचा आणि थांबायचं. घरच्यांनाही तेच शिकवलं. वहिनींना फार जड गेलं. नवऱ्याच्या ओठावर घास थांबावा तसा शब्द थांबलेला दिसतो, आणि आपण गप्प बसायचं. स्वयंपाकघरात जाऊन रडायच्या आणि डोळे पुसून परत येऊन गप्प बसायच्या. म्हणून म्हटलं, सत्कार आधी त्यांचा.

पहिला शब्द आला तो गेल्या गणपतीत. तो या व्यासपीठावरून सांगण्यासारखा नाही. मांजरानं दूध सांडलं होतं, एवढंच सांगते. वहिनींनी तो ऐकला आणि आळीत पेढे वाटले! महाडच्या इतिहासात शिवी दिल्याबद्दल पेढे तेवढ्याच वेळी वाटले गेले. मग ‘बरं’ आला. मग ‘बाई’ आला. तेवढंच. मोठं वाक्य म्हणून आम्ही ते वीस मार्चचं निवेदन घेतलं होतं. ते हाडांत मुरलेलं, म्हटलं येईल. मी म्हणायची, “वाट बघत बसल्या आहेत,” आणि थांबायची. रोज. ओठ जुळायचे. गळ्याची शीर ताठ व्हायची. आवाज यायचा नाही.

त्यांना आज उत्तर स्वतः द्यायचं होतं. उगाच का बोट आपटलं? आम्ही त्याच एका निवेदनाची तयारी करत होतो, ‘सावकाश या, पाणी पिऊन या’ एवढं म्हणून ते खाली बसणार होते. आज सकाळी मी विचारलं, “भाऊ, बोलणार ना?” त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. नाही. अंगठा सदऱ्याची कड चोळत होता. तीस वर्षांत मला त्या अंगठ्याची एवढी भीती कधी वाटली नव्हती.

म्हणून मी उभी आहे. त्यांच्या वतीनं तुमचे सगळ्यांचे आभार मानते. मंडळाचे, शौनकसाहेबांचे, अश्विनभाऊंचे आणि त्यांच्या कार्यकर्त्यांचे, इरावतीताईंचे, लाकडं घेऊन आलेल्या त्या वाडीचे. चंद्राबाईंना गुडघ्यांमुळे येता आलं नाही, पण त्यांनी डबाभर नाचणीचे लाडू पाठवलेत. आणि मंजुळावहिनी, तुमचे आभार ते स्वतः मानतील, तो शब्द मी देणार नाही.

जाता जाता एकच. बाजारात भेटतं ते माणूस मला हळहळून म्हणतं, वारंग्यांचा आवाज हरवला हो. हे ऐकून घ्यायला का मी सोनाबाईंच्या शेजारी बसले होते? कोण हरवलंय? ते तर इथेच आहेत. हरवलो आपण. झटक्यानंतर पहिला महिना घर माणसांनी भरलेलं होतं, आता त्या ओटीवर कोण येतं? बोलत नाहीत, मग जाऊन करायचं काय, असंच ना? म्हणून आज त्यांच्याच पद्धतीनं एक निवेदन करते आणि माझं उत्तर संपवते.

लक्ष द्या. महाडचे श्री. कमलाकर वारंगे, अंगात पांढरा सदरा, खांद्यावर शाल, इथे स्टेजच्या डाव्या अंगाला आपल्या माणसांची वाट बघत बसले आहेत. ते...

ते...

क्षमा करा. मला पुढचं...

नाही, कुणी सांगू नका. बसा तुम्ही. जरा...

काय म्हणालात, भाऊ?

...

मंडळी, मागे ऐकू आलं नसेल. प्रॉम्प्टरचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत जात नसतो, तो फक्त अडलेल्यापुरताच असतो. म्हणून मी मोठ्यानं सांगते. माझ्या मागच्या खुर्चीवरून ते आत्ता म्हणाले, “रडत नाही.”

वहिनी, ऐकलंत ना? दोन शब्द. सबंध.

टाळ्या नको, अजून नको. माझं वाक्य पुरं होऊ द्या. ते रडत नाहीत. तुम्हाला इथे दोघांचेही डोळे दिसताहेत, दिसू देत, निवेदनात असंच म्हणायचं असतं. ते रडत नाहीत. त्यांच्या ओटीवर या. सावकाश या. पाणी पिऊन या.

एवढा वेळ शांत बसलात, एकानंही मधे शब्द टाकला नाही, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. सवय नसलेली बाई बोलली आहे, कुणाचं नाव राहिलं असेल, मान द्यायचा चुकला असेल, तर पोटात घाला. आणि यापुढे माझं कुठे अडलंच, तर काळजी नाही. शब्द द्यायला मागे माणूस बसला आहे.

आता वाजवा टाळ्या.